बाहुली हातात, पण माइक बंद

पुरस्कार सोहळा टीव्हीवर लागला की घरोघरी तीन गोष्टींवर चर्चा रंगते. कोणी काय नेसले होते, कोण कोणाकडे पाहून हसले आणि बक्षीस खऱ्या हक्कदाराला मिळाले की नाही. माझे लक्ष मात्र चौथ्याच गोष्टीकडे असते. ज्याला बक्षीस मिळाले, त्याला बोलायला किती वेळ दिला? एवढा सारा थाटमाट ज्या क्षणासाठी केलेला असतो, तो क्षण माझ्या मते हाच. नाच-गाणी काय, ती आपण रोजच बघतो.

१३ मार्च २०२३ ची पहाट अनेकांना आठवत असेल. लॉस एंजेलिसच्या डॉल्बी थिएटरमध्ये तेव्हा १२ मार्चची संध्याकाळ होती आणि आपल्याकडे पहाटेचे साडेपाच. ९५ व्या ऑस्कर सोहळ्यात या वेळी आपल्या देशाची तीन नावे स्पर्धेत होती. ‘आरआरआर’ या तेलुगू चित्रपटातले ‘नाटू नाटू’ हे गाणे, शौनक सेन यांचा ‘ऑल दॅट ब्रीद्स’ हा माहितीपट आणि कार्तिकी गोन्साल्विस यांचा ‘द एलिफंट व्हिस्परर्स’ हा लघु माहितीपट. एका बाजूला डबे भरायचे, दुसऱ्या बाजूला पडद्यावर नजर, अशी माझ्यासारख्या किती जणींची त्या दिवशी धांदल उडाली असेल!

शौनक सेन यांचा माहितीपट मागे पडला. त्यांच्या गटात ‘नवाल्नी’ने बाजी मारली. पण ‘द एलिफंट व्हिस्परर्स’चे नाव पुकारले गेले आणि घरात टाळ्या पडल्या. तामिळनाडूतल्या मुदुमलाईच्या जंगलात बोम्मन आणि बेल्ली हे जोडपे रघू नावाच्या पोरक्या हत्तीच्या पिल्लाला पोटच्या पोरासारखे वाढवते, एवढीच त्याची कथा. त्यात ना हाणामारी, ना खलनायक. असा साधा माहितीपट जगात पहिला ठरतो, याचा आनंद काही वेगळाच होता.

कार्तिकी बोलली. निसर्गाशी असलेल्या आपल्या नात्याबद्दल बोलली, आपल्या मायभूमीचा उल्लेख केला. छान बोलली. मग निर्माती गुनीत मोंगा पुढे सरसावली आणि तेवढ्यात वाद्यवृंद सुरू झाला. ‘वेळ संपली, आता उतरा’ असे सांगण्याची ही तिथली रीत. बिचारी हातात बाहुली घेऊन तशीच खाली उतरली. आपल्याला काय सांगायचे होते आणि ते कसे राहून गेले, हे तिने नंतर मुलाखतींतून बोलूनही दाखवले.

वेळ नव्हता की द्यायचा नव्हता?

नियम म्हणून पाहिले तर विजेत्यांना साधारण ४५ सेकंद मिळतात. थेट प्रक्षेपण असते, जाहिराती असतात, कुठेतरी आवर घालावाच लागतो, हे मान्य. पण हा सोहळा साडेतीन तासांहून अधिक चालला. त्यात एक गाढवीण रंगमंचावर आणली गेली. सूत्रसंचालक जिमी किमेल प्रेक्षकांत फिरत मलाला युसुफझाईसमोर जाऊन उभे राहिले आणि एका नटाने दुसऱ्यावर थुंकल्याच्या वावड्यांवर तिचे मत विचारू लागले. नोबेल मिळवलेल्या मुलीला हा प्रश्न! आपण फक्त शांततेबद्दल बोलतो, असे सांगून तिने विषय संपवला. हुशार मुलगी. योगायोग असा की मलाला ज्या लघु माहितीपटाशी निर्माती म्हणून जोडलेली होती, तो आपल्या हत्तीवाल्या माहितीपटाच्याच गटात स्पर्धेला होता. गाढविणीला वेळ होता, थुंकण्याच्या चर्चेला वेळ होता, गुनीतला मात्र नव्हता.

वेळ असतो हे त्याच रात्री दिसलेही. ‘अॅन आयरिश गुडबाय’ या लघुपटाला बक्षीस मिळाले. त्यातला नट जेम्स मार्टिन याचा त्या दिवशी वाढदिवस होता. साऱ्या सभागृहाने उभे राहून त्याच्यासाठी वाढदिवसाचे गाणे म्हटले. डाउन सिंड्रोम असलेला तो तरुण कसा हसत होता! त्या गाण्याने काही कार्यक्रम कोसळला नाही. उलट सगळ्यांच्या लक्षात राहिले ते हेच.

सहायक अभिनेत्याचे बक्षीस घेताना के हुय क्वानला रडू आवरत नव्हते. १९८४ च्या ‘इंडियाना जोन्स’ चित्रपटातला तो चुणचुणीत छोटा मुलगा तुम्हाला आठवत असेल. लहानपणी होडीतून देश सोडलेला, निर्वासितांच्या छावणीत राहिलेला, मोठेपणी वर्षानुवर्षे काम न मिळालेला हा माणूस घरी टीव्हीसमोर बसलेल्या आपल्या ८४ वर्षांच्या आईशी बोलत होता. मिशेल योहनेही ६० व्या वर्षी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे बक्षीस घेताना बायकांना बजावले की, तुमचा काळ सरला असे कोणाला म्हणू देऊ नका. आशियाई म्हणून उघडपणे वावरणारी ही या गटातली पहिलीच विजेती. (मुंबईत जन्मलेल्या मर्ल ओबेरॉनला १९३५ च्या चित्रपटासाठी याच गटात नामांकन मिळाले होते, पण तिने आपले भारतीय मूळ जन्मभर लपवले.) आता सांगा, या दोघांच्या बोलण्याला मध्येच वाद्यवृंदाने गाठले असते तर?

‘नाटू नाटू’च्या वेळी संगीतकार एम. एम. कीरवाणी यांनी युक्ती केली. लहानपणापासून ऐकलेल्या कार्पेंटर्सच्या गाण्याच्या चालीवर त्यांनी आपले आभार गाऊनच टाकले. गाणाऱ्याला कोण थांबवणार? गीतकार चंद्रबोस यांच्या वाट्याला मात्र एक ‘नमस्ते’ आला. ज्याने शब्द लिहिले त्याच्याजवळ शब्दांसाठी वेळ नाही! गाण्याचा नाच रंगमंचावर जोशात झाला, दीपिका पदुकोणने त्याची ओळखही ऐटीत करून दिली. पण तेलुगू मातीतल्या त्या नाचात मुख्य नर्तक भारतीय वंशाचे नव्हते, ते मला खटकलेच.

आपण तरी काय करतो?

ऑस्करला नावे ठेवताना आपल्या घरचे आठवले पाहिजे. १९५४ मध्ये फिल्मफेअर पुरस्कार सुरू झाले तेव्हा गट अवघे पाच होते. त्यात संगीतकार नौशाद यांचा मान दिलीपकुमार आणि मीनाकुमारीच्या बरोबरीने होता. आज आपल्या वाहिन्यांवरच्या सोहळ्यांत संकलक, ध्वनिमुद्रक, वेशभूषाकार यांना किती जागा मिळते? बहुतेक कार्यक्रम आधी मुद्रित होतात आणि कापून-छाटून काही दिवसांनी दाखवले जातात. त्या कात्रीत पहिला बळी याच लोकांचा जातो. नटमंडळींचे विनोद आणि नाच तेवढे शाबूत राहतात.

राष्ट्रीय पुरस्कारांना तरी अशी झळ लागू नये, असे आपल्याला वाटते. पण ३ मे २०१८ ला दिल्लीच्या विज्ञान भवनात काय झाले? राष्ट्रपती फक्त ११ जणांनाच स्वतः पुरस्कार देतील, असे ऐन वेळी कळले आणि पन्नासहून अधिक विजेत्यांनी समारंभाकडे पाठ फिरवली. काही जणांना ते मानापमान नाट्य वाटले. मला तसे वाटले नाही. ज्या माणसाच्या आयुष्यात असा दिवस एकदाच येणार, त्याने तो अर्धा-मुर्धा का स्वीकारावा?

ऑस्करने २०२२ मध्ये आणखी एक प्रयोग केला होता. संकलन, ध्वनी, वेशसज्जा नव्हे पण रंगभूषा, लघुपट अशा आठ गटांची बक्षिसे थेट प्रक्षेपणाआधीच उरकली आणि नंतर त्यांचे तुकडे दाखवले. टीका झाली, तेव्हा २०२३ ला सगळी बक्षिसे पुन्हा थेट आली. म्हणजे प्रेक्षकांनी आणि कलावंतांनी आवाज उठवला तर फरक पडतो.

हे तुकडे-प्रकरण वाचताना मला आपल्या भानू अथैया आठवल्या. कोल्हापूरच्या या कलावतीने १९८३ मध्ये ‘गांधी’साठी वेशभूषेचे ऑस्कर मिळवले, भारताचे पहिले. त्या मोजकेच बोलल्या. जगाचे लक्ष भारताकडे वेधल्याबद्दल त्यांनी रिचर्ड अॅटनबरो यांचे आभार मानले आणि संपले. पुढे २०१२ मध्ये ती बाहुली नीट जपली जावी म्हणून त्यांनी अकादमीकडेच सोपवली.

२०२४ चा सोहळा आपल्याकडे आणखी तासभर आधी, साडेचारला सुरू झाला. त्यात एक गोष्ट मनापासून आवडली. अभिनयाच्या प्रत्येक गटात पाच जुने विजेते रंगमंचावर आले आणि त्यांनी प्रत्येक नामांकिताबद्दल आपुलकीचे दोन शब्द सांगितले. हरणाऱ्यालाही मान मिळाला. दिवंगतांच्या स्मरणाच्या वेळी मात्र जुनीच खोड आडवी आली. आंद्रेया बोचेली आपल्या मुलासह गात होते, पुढे नर्तक नाचत होते आणि ज्यांचे स्मरण करायचे त्यांची छायाचित्रे मागे दूर, बारीक अक्षरांत. त्यात आपले नितीन चंद्रकांत देसाई होते, ‘लगान’चे गाव उभारणारे. त्यांचे नाव नीट दिसायला मला तो भाग नंतर पुन्हा लावून, मध्येच थांबवून बघावा लागला.