इसबाचा माग: रक्तातून कातडीत

तान्ह्या बाळाच्या गालांवर लाल, लस येणारे चट्टे उठले की घरातलं मोठं माणूस म्हणतं, ‘अंगातली उष्णता बाहेर पडतेय.’ दुसरं कुणी म्हणतं, ‘रक्तातच दोष आहे.’ या बोलण्याला हसू नये. लहान मुलांच्या इसबाचं मूळ रक्तात शोधण्यात वैद्यकानेही विसाव्या शतकाची निम्म्याहून जास्त वर्षं घालवली.

खरं तर कातडीतली एक महत्त्वाची पेशी फार आधीच सापडली होती. १८६८ साली बर्लिनमध्ये पाउल लँगरहान्स या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने कातडीचे काप सोन्याच्या क्षाराने रंगवले, तेव्हा वरच्या थरात फांद्या फुटलेल्या पेशी दिसल्या. त्याला त्या मज्जासंस्थेच्या वाटल्या. प्रतिकारशक्तीशी त्यांचं नातं जुळायला शंभरहून अधिक वर्षं गेली.

दरम्यान डॉक्टर घराण्यांकडे बघत होते. पॅरिसच्या एर्नेस्ट बेनिए यांनी १८९२ मध्ये नोंदवलं, की या खाजऱ्या आजाराबरोबर त्याच माणसात किंवा त्याच्या कुटुंबात दमाही दिसतो. १९२१ मध्ये कार्ल प्राउसनिट्झ यांनी सहकारी हाइन्झ क्युस्टनर यांचा रक्तद्रव आपल्या कातडीत टोचून घेतला. क्युस्टनरना मासा चालत नसे. दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचल्यावर तिथे गांधी उठली. म्हणजे ॲलर्जी रक्तातून उचलून दुसऱ्याच्या अंगात घालता येत होती! १९३३ मध्ये न्यूयॉर्कच्या वाइज आणि सल्झबर्गर यांनी या इसबाला ‘अटोपिक डर्माटायटिस’ हे नाव दिलं. रक्तातला तो घटक मात्र १९६६-६७ मध्ये हाती आला. डेन्व्हरमध्ये इशिझाका दांपत्य आणि स्वीडनमध्ये योहान्सन व बेनिश हे एकमेकांपासून स्वतंत्रपणे आयजीई या प्रतिपिंडापर्यंत पोचले. इसब झालेल्या बऱ्याच मुलांत ते भरपूर सापडलं आणि आरोपी मिळाला असं सगळ्यांना वाटलं.

माझ्या मते हा शोध जितका मोठा, तितकीच त्याने इसबाची वाट लांबवली. आयजीईमुळे येणारी गांधी पंधरा-वीस मिनिटांत उठते आणि काही तासांत उतरते. कोपराच्या घडीतला चट्टा आठवडेच्या आठवडे ठाण मांडतो. साधारण पाचांतल्या एका रुग्णाचं आयजीई तर वाढलेलंही नसतं. चट्ट्याचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरला की रक्तवाहिन्यांभोवती प्रतिकारशक्तीच्या टी पेशींची गर्दी दिसते, पेशींच्या मध्ये पाणी साचून वरचा थर फुगलेला असतो. उत्तर तिथेच होतं, पण रक्ताची तपासणी सोपी आणि आकडा देणारी. आजही पालक तोच आकडा घेऊन दवाखान्यात येतात आणि तो कमी कसा करायचा हे विचारतात.

पेशींकडे बोट दाखवणारा एक ठळक पुरावा दुर्मीळ आजारातून आला. विस्कॉट-ऑल्ड्रिच हा जन्मजात आजार असलेल्या मुलग्यांना रक्तस्राव, वरचेवर संसर्ग आणि इसब असं तिन्ही होतं. १९६८ पासून त्यांच्यावर अस्थिमज्जा रोपणाचे प्रयत्न सुरू झाले. रोपण नीट लागलं की इसबही जातो असं दिसलं. कातडी त्या मुलाचीच राहते, बदलतात फक्त मज्जेतून निघणाऱ्या पेशी.

पुढची उडी १९८६ ची. मॉसमन आणि कॉफमन यांनी उंदरांमध्ये दाखवलं, की मदतनीस टी पेशी निदान दोन तऱ्हांच्या असतात. दुसऱ्या तऱ्हेच्या, म्हणजे टीएच-२ पेशी इंटरल्यूकिन-४ हे रसायन सोडतात. त्याच्याच सांगण्यावरून आयजीई बनतं. म्हणजे आयजीई हा बराचसा परिणाम होता, कारण नव्हे. त्याच वर्षी नेदरलँड्समधून अहवाल आला, की इसबाच्या कातडीतल्या लँगरहान्स पेशींवर आयजीई चिकटलेलं असतं. बर्लिनच्या त्या फांद्यांना अखेर काम सापडलं: बाहेरचे कण पकडून टी पेशींना दाखवणं.

आता सगळं जुळलं असं वाटत असतानाच २००६ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीतून धक्का बसला. फिलॅग्रिन या, कातडीचा वरचा थर घट्ट राखणाऱ्या प्रथिनाच्या जनुकात बिघाड असलेल्या मुलांना इसबाचा धोका कितीतरी जास्त असतो. मग दोष पेशींचा, की आधीच गळक्या कातडीचा? काही वर्षं दोन तट पडले. हा वाद थोडा ताणलाच गेला, कारण दोन्ही बाजूंचे धागे हातात होते. खरवडलेली कातडी स्वतःच टीएसएलपीसारखे संदेश सोडून टीएच-२ला बोलावते, आणि टीएच-२ची रसायनं फिलॅग्रिन आणखी कमी करतात. इंटरल्यूकिन-३१ तर थेट मज्जातंतूंना चेतवून खाज सुटवतं. मूल खाजवतं, कातडी फाटते, पुन्हा तेच.

गळक्या कातडीचा परिणाम इसबापुरताही नव्हता. लंडनचे ॲलर्जीतज्ज्ञ गिडिअन लॅक म्हणाले, अन्न पोटातून आलं तर शरीर ते सहसा आपलंसं करतं, फाटक्या कातडीतून आलं तर त्याच्याशी वैर धरतं. २०१० च्या सुमारास जपानमध्ये गव्हाचं प्रथिन असलेल्या साबणाने तोंड धुणाऱ्या दोन हजारांहून अधिक जणांना गव्हाची ॲलर्जी जडली. हे वाचल्यावर चट्टे उठलेल्या बाळाचं अंग डाळीच्या पिठाने चोळायला माझा तरी हात धजणार नाही. पण निव्वळ ओलावा राखणारं मलम चोपडून इसब टळतो हेही खरं नाही. २०२० मध्ये ब्रिटनमधल्या १,३९४ बाळांवरच्या चाचणीत वर्षभर रोज मलम लावूनही इसबाचं प्रमाण घटलं नाही. झालेल्या इसबाला मात्र तेच मलम हवं.

चट्टा त्याच जागी पुन्हा का उठतो, याचं उत्तरही पेशींत निघालं. मोठ्या माणसाच्या कातडीत सुमारे दोन हजार कोटी टी पेशी असतात, रक्तातल्यापेक्षा दुप्पट. त्यांतल्या काही पागडीच्या जुन्या भाडेकरूंसारख्या जागा सोडत नाहीत. १९५२ मध्ये सल्झबर्गर यांनीच पुढे आणलेलं हायड्रोकॉर्टिसोनचं मलम त्यांना गप्प करतं, हुसकावत नाही. ‘इसब दाबला की दमा होतो’ हा आपल्याकडचा समज या नुसत्या गप्प करण्यातूनच बळावतो. काही मुलांना इसबामागून दमा होतो हे निरीक्षण खरं, पण त्याचा दोष मलमाचा नाही. उलट सूज तशीच सोडून दिली तर कातडी उघडीच राहते.

या इतिहासात एक गोष्ट खटकते. आजार बहुधा पहिल्या वर्षातच सुरू होतो, पण पेशींचा अभ्यास झाला तो प्रौढांच्या, वर्षानुवर्षं खाजवून जाड झालेल्या कातडीवर. २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या एमा गुटमन-यास्की यांच्या गटाने पाच वर्षांखालच्या, इसब नुकताच सुरू झालेल्या मुलांची कातडी तपासली. टीएच-२ अपेक्षेप्रमाणे होत्याच, पण सोरायसिसमध्ये भेटणाऱ्या टीएच-१७ या आणखी एका तऱ्हेच्या टी पेशींची खूणही ठळक होती. पुढे पारदर्शक चिकटपट्टी लावून आणि ओढून वरचा थर काढण्याची रीत आली. तान्ह्या मुलाला सुरी लावायची गरज उरली नाही.

औषधांचा क्रमही तसाच. इंटरल्यूकिन-४ आणि १३ या टीएच-२च्या रसायनांची वाट अडवणारं ड्युपिल्युमॅब अमेरिकेत २०१७ मध्ये प्रौढांना मिळालं, सहा महिन्यांच्या बाळांपर्यंत पोचायला २०२२ उजाडलं. सहा वर्षांखालच्या १६२ मुलांवरच्या चाचणीत सोळा आठवड्यांत २८ टक्के मुलांची कातडी जवळजवळ स्वच्छ झाली. खोटं औषध दिलेल्यांत ४ टक्के. खाज त्याहून बऱ्याच जास्त जणांची कमी झाली. उरलेल्या मुलांच्या चट्ट्यांत टीएच-२ सोडून आणखी कोण बसलंय, ते आता त्या चिकटपट्ट्यांवर तपासलं जातंय.