ख्रिस्ती धर्मातील चाळीस दिवसांचे व्रत

महाशिवरात्रीचे पारणे होऊन शिवालयांतील गर्दी ओसरते, त्याच सुमारास वसईच्या चर्चमधून भाविकांच्या कपाळी राख लावली जाते. २०२२ साली महाशिवरात्र १ मार्चला होती आणि ख्रिस्ती बांधवांचा ‘राखेचा बुधवार’ दुसऱ्याच दिवशी, २ मार्चला. हा निव्वळ योगायोग नव्हे. ईस्टरचा रविवार वसंतसंपाताच्या पौर्णिमेवरून ठरतो आणि राखेचा बुधवार त्याच्या शेहेचाळीस दिवस आधी येतो. त्यामुळे तो अमावास्येच्या सुमारास किंवा तिच्यानंतरच्या आठवड्यातच पडावयाचा. अधिक मासाच्या फेऱ्यामुळे एखाद्या वर्षी शिवरात्रीशी महिन्याचे अंतर पडते, एवढेच.

ही राख मागील वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून केलेली असते. ती लावताना धर्मगुरू भाविकास आठवण देतो, की हा देह मातीचा आहे आणि मातीतच मिळावयाचा आहे. शैवांच्या भस्मधारणातही देहाच्या नश्वरतेची हीच खूण आहे. या दिवसापासून ईस्टरपर्यंतच्या काळास इंग्रजीत ‘लेंट’ आणि मराठी ख्रिस्ती घरांतून ‘प्रायश्चित्तकाळ’ किंवा ‘उपवासकाळ’ म्हणतात.

चाळीस दिवस का, याचे उत्तर शुभवर्तमानातील कथेत आहे. यार्देन नदीत बाप्तिस्मा झाल्यावर येशू अरण्यात गेला व तेथे त्याने चाळीस दिवस उपोषण केले. तेव्हा सैतानाने येऊन त्यास सुचविले, की या धोंड्यांच्या भाकरी करून दाखव. तपस्व्याची तपश्चर्या भंग करावयास कोणी ना कोणी येतेच, हे आपल्या पुराणांच्या श्रोत्यांस सांगावयास नको. मात्र येथे अप्सरा येत नाही, भाकरी येते. उपाशी माणसास कशाचा मोह पडेल, हे त्या कथाकाराने अचूक ओळखले आहे.

आता गणिताकडे वळू. रविवार हा ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचा आनंददिन, म्हणून त्या दिवशी उपवास करावयाचा नाही, असा प्राचीन दंडक. सहा आठवड्यांतून सहा रविवार वगळले म्हणजे छत्तीस दिवस उरतात. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप झालेल्या थोरल्या ग्रेगरीने याची मोठी सुंदर उपपत्ती लावली होती. शेतकरी जसा पिकाचा दशांश देवास देतो, तसा वर्षाच्या दिवसांचा हा दशांश होय! पुढे चाळीसची संख्या पुरी करण्यासाठी मागे चार दिवस जोडण्यात आले आणि व्रताचा आरंभ बुधवारी होऊ लागला.

या व्रताचा इतिहास समजून घ्यावयास आपल्या धर्मशास्त्राची परिभाषा जितकी उपयोगी पडते, तितकी दुसरी कोणतीही पडणार नाही. दिवसभर काही न खाता रात्री एकदा जेवणे ते ‘नक्त’, मध्याह्नी एकदाच जेवणे ते ‘एकभुक्त’ आणि मुळीच न जेवणे ते ‘उपोषण’, असे भेद आपल्याकडे स्पष्ट केलेले आहेत. आरंभीच्या शतकांतील ख्रिस्ती लोक लेंटमध्ये नक्त पाळीत. सायंकाळच्या प्रार्थनेनंतरच अन्न घेत. मग जेवणाची वेळ दिवसाच्या नवव्या तासाच्या, म्हणजे आपल्या तीनच्या सुमाराच्या, प्रार्थनेपर्यंत अलीकडे आली. भूक मोठी चतुर असते. जेवण प्रार्थनेनंतर घ्यावयाचे असल्याने प्रार्थनाच हळूहळू लवकर होऊ लागली आणि अखेर दुपारी बारापर्यंत येऊन पोचली. इंग्रजीत माध्यान्हीस ‘नून’ म्हणतात, तो शब्द मूळचा या ‘नवव्या’ तासाचाच! अशा रीतीने नक्ताचे एकभुक्त झाले. पुढे सायंकाळी थोडे काही खाण्याची मुभा मिळाली. आज कॅथलिक पंथात पूर्ण उपवास दोनच दिवस बंधनकारक आहे, राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार. त्यातही एक पूर्ण जेवण आणि दोन वेळा अल्पाहार चालतो. ही सवलत पोप सहावे पॉल यांनी १९६६ साली दिली. अठरा वर्षांखालील मुलांस आणि साठीकडे झुकलेल्यांस तेवढेही बंधन नाही.

काय खावयाचे नाही, हा प्रश्न याहून रंजक आहे. मध्ययुगात पश्चिम युरोपात मांसच नव्हे, तर अंडी, दूध, लोणी यांवरही बंदी होती. ऑलिव्हचे तेल दक्षिणेत मुबलक. उत्तरेकडील थंड प्रदेशात लोण्यावाचून स्वयंपाक कसा व्हावा? मग दान देऊन लोण्याची परवानगी मिळविण्याची प्रथा पडली. फ्रान्समधील रूआं येथील कॅथीड्रलच्या एका मनोऱ्यास आजही ‘लोण्याचा मनोरा’ म्हणतात; तो अशाच दानांतून उभा राहिला अशी परंपरा आहे. असल्या सवलतींवर मार्टिन ल्यूथरने १५२० साली कठोर टीका केली. १५२२ साली झुरिच येथे एका मुद्रकाच्या घरी लेंटमध्ये मुद्दाम मांस खाण्यात आले, आणि तेथील धर्मसुधारणेस त्या प्रसंगाने तोंड फुटले. तेव्हापासून बहुतेक प्रॉटेस्टंट पंथांनी हा उपवास ज्याच्या त्याच्या इच्छेवर सोपविला आहे.

लोण्याचे वाचून हसण्यापूर्वी आपण आपल्या पानाकडे पाहावे. पाणी, मुळे, फळे, दूध, हविष्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरुवचन आणि औषध या आठांनी व्रत मोडत नाही, असे आपल्या शास्त्राने म्हटले, ते दुर्बलांविषयीच्या करुणेने. त्यातील ‘मुळे’ या एका शब्दाच्या आधारे आपण बटाटा उपवासास आणला. बटाटा, मिरची, भुईमूग आणि आजचा साबूदाणा ज्यापासून होतो तो टॅपिओकाचा कंद, हे सारे मूळचे अमेरिकेतील. आणि आपल्याकडे ते आणण्यात ज्या पोर्तुगीज गलबतांचा मोठा वाटा होता, त्याच गलबतांतून गोव्याच्या व वसईच्या किनाऱ्यावर लेंटही उतरला. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण आपणच आपल्याविषयी केली आहे, हा आपला प्रांजळपणा. लेंटच्या तोंडावर गोव्यात ‘इंत्रुज’ अथवा कार्निव्हल साजरा होतो. कार्निव्हल या शब्दाचा उगम मांस दूर सारण्याच्या अर्थाचा मानतात. श्रावण लागण्यापूर्वीच्या अमावास्येस आपल्याकडील मांसाहारी घरांतून जी गडबड असते, ती पाहिलेल्यास या उत्सवाचे मर्म निराळे समजावून द्यावे लागणार नाही.

पूर्वेकडील ख्रिस्ती पंथ मात्र अद्याप जुन्या कडकपणास धरून आहेत. ग्रीक व रशियन परंपरेत या काळात मांस, अंडी, दूध, तूप, मासे एवढेच नव्हे, तर पुष्कळ दिवशी तेलही वर्ज्य असते. इथिओपियात हे व्रत पंचावन्न दिवसांचे आहे. केरळातील सिरियन ख्रिस्ती त्यास पन्नास दिवसांचा ‘नोयंबू’ म्हणतात आणि पेसहाच्या गुरुवारी घरोघर बिनखमिराची भाकरी करून कुटुंबप्रमुखाच्या हस्ते वाटतात. या पूर्वेकडील उपवासाचे अगदी जवळचे नाते कशाशी असेल, तर ते जैनांच्या आयंबिलाशी. दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर यांवाचून शिजविलेले रुक्ष अन्न दिवसातून एकदा घ्यावयाचे, हे रसत्यागाचे तप चैत्राच्या ओळीत नऊ दिवस चालते, आणि तेही पुष्कळदा लेंटच्याच दिवसांत येते.

मुसलमान बांधवांचा रमजान याहून वेगळा. तेथे पदार्थांचा विधिनिषेध नवा नाही, काळाचा आहे. पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत पाण्याचा थेंबही नाही, आणि सूर्य मावळल्यावर रोजा सोडावयाचा. यहुद्यांचा योम किप्पूर एकाच दिवसाचा, परंतु सुमारे पंचवीस तासांचा निर्जल. आपल्या कोकणातील बेने इस्रायल लोक त्यास मराठीत ‘दारफाळणीचा सण’ म्हणत. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाच्या स्मरणार्थ ते जो उपवास धरीत, त्यास त्यांनी ‘बिरड्याचा रोजा’ असे नाव दिले होते. वालाच्या बिरड्यास एवढा मान अन्य कोणत्या धर्मात मिळाला असेल असे वाटत नाही.

बाह्य नियमांत एवढे साम्य असले, तरी भाव एक नाही, हेही नमूद केले पाहिजे. आपली एकादशी आनंदाची आहे. टाळ, वीणा, हरिकीर्तन आणि जागर यांनी ती भरलेली असते. लेंटचा सूर पश्चात्तापाचा. वेदीवर जांभळे वस्त्र येते, आनंदाचा ‘आलेलुया’ घोष थांबतो, ‘क्रुसाच्या वाटे’च्या चौदा स्थानांपुढे येशूच्या यातनांचे चिंतन चालते. आपल्याकडे त्याचे साम्य पाहावयाचे तर ते एकादशीत नव्हे, कृच्छ्र-चांद्रायणादी प्रायश्चित्तांत पाहावे लागेल. आणखी एक भेद असा, की येशूने उपवास गुप्त ठेवण्याची शिकवण दिली. तोंड धुऊन, डोक्यास तेल लावून असे राहावे, की पाहणाऱ्यास उपवास कळूही नये. ही शिकवण ज्या शुभवर्तमानात आहे, त्याचे वाचन चर्चमध्ये राखेच्या बुधवारीच होते, म्हणजे कपाळावर राखेची खूण उमटते त्याच दिवशी!

मात्र वाचविलेला घास कोणाचा, या प्रश्नावर हे सारे पंथ एकाच जागी येतात. आपल्याकडे क्षमा, सत्य, दया यांबरोबर दान हा व्रताचा सामान्य धर्म सांगितला असून, शिधा दिल्यावाचून पारण्यास बसू नये अशी जुन्या घरांची रीत. ईदच्या नमाजापूर्वी फित्रा पोचता करावयाचा असतो. दारफाळणीच्या दुसऱ्या दिवशीस बेने इस्रायल ‘शिळा सण’ म्हणत आणि त्या दिवशी गरिबांस दान देत. ‘हर्मासचा मेंढपाळ’ या दुसऱ्या शतकातील ख्रिस्ती ग्रंथात तर हिशेबच घालून दिला आहे. उपवासाच्या दिवशी केवळ भाकरी व पाणी घ्यावे, एरवी आपण जे खाल्ले असते त्याची किंमत मोजावी, आणि ती विधवेस, अनाथास अथवा गरजवंतास द्यावी. आपल्या देशात कॅरिटास इंडिया ही संस्था लेंटमध्ये भूक व रोगराईच्या निवारणासाठी निधी जमविते. अमेरिकेत १९७५ पासून कॅथलिक कुटुंबांस लेंटच्या आरंभी पुठ्ठ्याची एक लहानशी पेटी देण्यात येते. तिचे नाव ‘तांदळाचा वाडगा’. साधे जेवण करून जे पैसे वाचतील, ते मुलांच्या हातून त्या पेटीत पडत राहतात, आणि चाळीस दिवस ती पेटी जेवणाच्या टेबलावरच ठेवलेली असते.