तारीख मिळाली, आता तयारी काय करायची?



कॅन्सरच्या दवाखान्याची तारीख मिळाली की घरात दोन गोष्टींची धावपळ सुरू होते. पैसा कुठून उभा करायचा आणि गाडी कुठली धरायची. दोन्ही गोष्टी लागतातच. पण बचत गटांच्या बैठकांना गेलं की आम्हाला आणखी एक गोष्ट वारंवार ऐकू येते. बाई दवाखान्यात पोचली, तीन तास बाकावर बसली आणि डॉक्टरांसमोर गेल्यावर एक शब्द बोलली नाही. बोलला तो मुलगा, नाहीतर दीर. परतीच्या गाडीत बसल्यावर तिला आठवलं, पाठीत दुखतं ते सांगायचंच राहिलं. आणि सोनोग्राफीचा रिपोर्ट तर घरी ट्रंकेतच राहिला होता.

मोठ्या दवाखान्यात गर्दी असते. डॉक्टरांसमोरचा वेळ थोडा मिळतो. त्या थोड्या वेळात आपलं सगळं सांगून व्हावं आणि त्यांचं सगळं आपल्याला कळावं, यासाठीची तयारी घरूनच करून निघावं लागतं. आज आपण त्याबद्दल बोलू.

कुठे जायचं?

कॅन्सर म्हटलं की आपल्याकडे पहिलं नाव येतं ते मुंबईच्या परळचं टाटा हॉस्पिटल. ते १९४१ साली सुरू झालं, आणि १९६२ पासून केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. पण कॅन्सरचे उपचार फक्त मुंबईतच होतात असं नाही. बार्शीला नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आहे, मिरजेला सिद्धिविनायक गणपती कॅन्सर हॉस्पिटल आहे, नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल आहे, छत्रपती संभाजीनगरला शासकीय कॅन्सर रुग्णालय आहे. तपासणी एका ठिकाणी आणि केमो घराजवळच्या केंद्रात, असंही पुष्कळदा जमतं. २०१२ पासून देशातली बरीच कॅन्सर केंद्रं राष्ट्रीय कर्करोग ग्रीडमध्ये एकत्र आली आहेत. उपचारांची पद्धत सगळीकडे सारखी राहावी आणि रुग्णाला घराजवळ उपचार मिळावेत, हाच त्यामागचा हेतू. म्हणून पहिल्याच भेटीत विचारायचं, "यातला कोणता उपचार आम्हाला जवळपास घेता येईल?"

एक फाईल, तारखेप्रमाणे

सगळे कागद एका फाईलमध्ये लावा. सगळ्यात जुना कागद खाली, नवा वर. गावच्या डॉक्टरांची चिठ्ठी, रक्ताचे रिपोर्ट, सोनोग्राफी, एक्स-रे, सीटी स्कॅन, आधी ऑपरेशन झालं असेल तर त्याचं डिस्चार्ज कार्ड. स्कॅनचा नुसता लेखी रिपोर्ट पुरत नाही. फिल्म आणि सीडी दोन्ही सोबत घ्या. फिल्मची घडी घालू नका, उन्हात ठेवू नका.

बायोप्सी म्हणजे गाठीचा तुकडा काढून केलेली तपासणी. ती आधीच झाली असेल तर रिपोर्टाबरोबर आणखी दोन वस्तू मागून घ्यायच्या, स्लाईड आणि ब्लॉक. स्लाईड म्हणजे काचेची पट्टी आणि ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला तो तुकडा. टाटासारख्या ठिकाणी त्यांचे डॉक्टर ही तपासणी स्वतः पुन्हा करून पाहतात आणि मगच उपचार ठरवतात. स्लाईड गावाकडच्या लॅबमध्ये राहिली तर ती आणायला माणूस परत धाडावा लागतो, आणि त्यात दिवस जातात. काच आहे, म्हणून रुमालात गुंडाळून छोट्या डबीत ठेवा.

आता नावाचं बघू. आधारवर माहेरचं नाव, रेशन कार्डावर सासरचं, आणि रिपोर्टावर नुसतंच 'सुमनबाई'. आपल्या बायकांचं हे नेहमीचंच. योजनेचं काम इथेच अडतं. निघायच्या आधी तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून नाव, वय आणि स्पेलिंग जुळतंय का ते गटातल्या शिकलेल्या मुलीकडून बघून घ्या. जुळत नसेल तर लगेच दुरुस्तीला टाका. पण त्यासाठी दवाखान्याची तारीख मात्र चुकवू नका. दुरुस्तीला टाकल्याची पावती सोबत घ्या आणि तिथे दाखवा.

सगळ्या कागदांच्या दोन-दोन झेरॉक्स काढा. फोनमध्येही फोटो काढून ठेवा. मूळ कागद मागितल्याशिवाय कुणाच्या हातात देऊ नका.

पैशाची वाट आधी, खर्च नंतर

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत या योजना आता एकत्र चालतात. कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार यादीतल्या दवाखान्यात पैसे न भरता होऊ शकतात, आणि त्यात कॅन्सरचं ऑपरेशन, केमो आणि रेडिएशनही येतं. यादीतल्या प्रत्येक दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो. उपचार सुरू होण्याआधी त्याला भेटायचं, कारण उपचाराला मंजुरी आधी घ्यावी लागते. मूळ रेशन कार्ड आणि आधार सोबत हवं. आपला दवाखाना यादीत आहे का, हे घरबसल्या १५५३८८ या क्रमांकावर विचारता येतं.

टाटामध्ये नोंदणीच्या वेळी जनरल की प्रायव्हेट असं विचारतात. जनरलमध्ये खर्च पुष्कळ कमी लागतो. तिथे रुग्णाला एक कार्ड मिळतं, त्यात पैसे भरायचे आणि तपासण्यांचा खर्च त्यातून वळता होतो. पैसे कमी पडत असतील तर तिथल्या समाजसेवा विभागात जाऊन सरळ सांगायचं. लाजायचं कारण नाही, तो विभाग त्यासाठीच आहे. मुख्यमंत्री सहाय्यता निधीतूनही मदतीसाठी अर्ज करता येतो.

प्रवासाचंही ऐका. रेल्वेत उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपर आणि थ्री टायर एसीत पूर्ण भाडं माफ आहे, आणि सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सवलत आहे. त्यासाठी दवाखान्याचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो, तो पहिल्याच भेटीत मागून घ्या. एसटीत आपल्या बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहेच.

मुंबईत राहायचं झालं तर दादरला गाडगे महाराज धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समिती आहे. दोन्ही ठिकाणी बाहेरगावच्या रुग्णांची सोय होते. पण गर्दी फार, जागा लगेच मिळेलच असं नाही. म्हणून निघण्याआधी फोन करायचा, आणि दवाखान्याचे कागद दाखवायला जवळ ठेवायचे.

उपाशी म्हणजे चतुर्थीचा उपास नव्हे

काही तपासण्यांना 'उपाशीपोटी या' असं सांगतात. म्हणजे साबुदाणा नाही, केळं नाही, शेंगदाण्याचा लाडू नाही आणि दुधाचा चहाही नाही. किती तास उपाशी राहायचं आणि पाणी चालेल का, हे तारीख घेतानाच विचारून लिहून घ्या. साखरेचा आजार असेल तर आवर्जून सांगा, कारण उपाशीपोटी गोळी किंवा इंजेक्शन घ्यायचं का, ते डॉक्टरच ठरवतील. पेट स्कॅन असेल तर रक्तातली साखर आटोक्यात लागते. त्या स्कॅननंतर काही तास लहान मुलांपासून आणि गरोदर बाईपासून लांब राहायला सांगतात. नातवंडाला कडेवर घेण्याआधी हे लक्षात असू द्या.

दागिन्यांचं घरीच ठरवा. एमआरआयला अंगावर कुठलाच धातू चालत नाही, आणि ऑपरेशनच्या वेळीही सगळं काढावं लागतं. जोडवी रुतलेली असतील, बांगड्या घट्ट असतील, तर साबण लावून आदल्या दिवशी सावकाश काढा. मंगळसूत्र काढायला मन धजत नसेल तर काळे मणी साध्या दोऱ्यात ओवून घाला. सोनं घरी सुरक्षित राहील.

छातीची तपासणी असेल तर पुढून बटणं असलेला सैल ब्लाऊज घाला. मॅमोग्राफीच्या दिवशी काखेत किंवा छातीला पावडर लावू नका, ती फोटोत डागासारखी दिसते. पिशवीच्या तोंडाची तपासणी असेल आणि तारीख पाळीत येत असेल तर आधी फोन करून विचारा. दिवस गेले असण्याची थोडी जरी शंका असेल किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर कुठल्याही स्कॅनच्या आधी ते सांगायलाच हवं.

सांगायचं ते मोकळेपणी

आपण अंगावर काढतो आणि मनातही ठेवतो. डॉक्टरांसमोर तसं चालत नाही. अंगावरून पांढरं जातं, त्याला वास येतो, पाळी गेल्यावर पुन्हा लाल गेलं, संबंधानंतर रक्त दिसलं, छातीच्या बोंडीतून पाणी येतं, हे सगळं त्यांना कळायला हवं. पुरुष डॉक्टर असतील आणि संकोच वाटत असेल तर तपासताना नर्सबाई जवळ असाव्यात असं सांगता येतं.

मिशरी लावत असाल, तंबाखू खात असाल, तर दिवसातून किती वेळा आणि किती वर्षं, तेही सांगा. कुणी रागावलं तरी चालेल, पण माहिती खरी जायला हवी. झाडपाल्याचं औषध, काढा, भस्म, शेजारणीने दिलेल्या गोळ्या, सगळं सांगा. काही औषधं केमोबरोबर घेतली तर लिव्हरवर ताण येतो. चालू गोळ्यांची नावं वाचता येत नसतील तर पाकिटंच पिशवीत घाला. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर बायोप्सीच्या आधी ते कळवणं फार गरजेचं आहे.

विचारायचं ते लिहून

वहीच्या एका पानावर हे प्रश्न उतरवून घ्या:

१. आजार कुठला आहे, आणि तो कुठपर्यंत पोचला आहे?
२. उपचार पूर्ण बरं होण्यासाठी आहेत, की त्रास कमी करून आयुष्य सुखाचं व्हावं यासाठी?
३. ऑपरेशन, केमो, रेडिएशन यातलं काय काय लागेल? किती महिने? किती वेळा यावं लागेल?
४. त्रास काय होईल, आणि झाला तर रात्री-अपरात्री फोन कुठे करायचा?
५. अजून मूल हवं असेल तर उपचाराआधी काय करता येईल?
६. खर्च किती, आणि योजनेत काय काय बसतं?

सोबत जाणारीने प्रश्न आठवून द्यायचे आणि उत्तरं लिहायची. आजारी बाईने ऐकायचं आणि बोलायचं. एकाच माणसाच्या डोक्यात हे सगळं राहत नाही, त्यात मन आधीच घाबरलेलं असतं. कळलं नाही तर "डॉक्टरसाहेब, मराठीत परत एकदा सांगा" असं म्हणायचं. मग आपल्याला काय समजलं ते आपल्या शब्दांत त्यांना सांगून बघायचं. चुकलं असेल तर ते तिथेच दुरुस्त करतील.

बऱ्याच घरांत डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगतात, "बाईला काही सांगू नका, खचून जाईल." माया असते, पण शरीर तिचं आहे. ऑपरेशनच्या कागदावर सही किंवा अंगठाही तिचाच लागतो. काय होतंय हे माहीत असलेली बाई केमोच्या त्रासाला तयार असते, आणि मधेच सोडून घरी यायचा हट्ट सहसा धरत नाही. तिला किती ऐकायचंय ते तिलाच विचारा.

पुढची तारीख चुकू नये म्हणून

उपचार एका फेरीत संपत नाहीत. केमो बऱ्याचदा तीन आठवड्यांनी असते, आणि प्रत्येक वेळी आधी रक्त तपासून पेशी पुरेशा आहेत का ते पाहतात. रेडिएशनला आपल्याकडे कुणी शेक म्हणतं, कुणी लाईट. ते सहसा सोमवार ते शुक्रवार रोज, असं काही आठवडे चालतं. त्यासाठी अंगावर काढलेल्या खुणा विचारल्याशिवाय धुऊन टाकायच्या नाहीत. पेरणी आली, म्हैस व्याली, घरात लग्न निघालं म्हणून मधल्या तारखा चुकल्या की उपचाराचा जोर कमी होतो आणि आजाराला वाव मिळतो.

थर्मामीटर पिशवीत कायम ठेवा. केमो चालू असताना ताप १००.४ किंवा त्याच्या वर गेला तर तापाची गोळी खाऊन सकाळची वाट बघायची नाही. त्या काळात अंगातली ताकद कमी असते, जंतू झपाट्याने पसरतात. लगेच फोन करा आणि त्याच रात्री दवाखाना गाठा.

आणि इथे गटाचं काम आहे. कॅन्सर शिवल्याने किंवा एका ताटात जेवल्याने पसरत नाही, तेव्हा तिच्यापासून लांब राहायचं कारण नाही. कुठल्या तारखेला कोण सोबत जाईल, धार कोण काढेल, पोरांचा डबा कोण देईल, अंतर्गत कर्जातून गाडीभाड्याला किती द्यायचे, हे बैठकीत ठरवून वहीत लिहून ठेवा. हप्ता भरायची तारीख जशी आपण विसरत नाही, तशी हिची तारीखही गटाच्या वहीत हवी.

पुढच्या बैठकीत एक काम करा. गटात कुणीही आजारी नसलं तरी प्रत्येकीने आपलं आधार आणि रेशन कार्ड आणायचं आणि नावं जुळतात का ते बघायचं. ज्यांची जुळत नाहीत त्यांनी त्याच आठवड्यात दुरुस्तीला टाकायचं. आणि कुणाला छातीत गाठ लागत असेल, तोंडातला चट्टा तीन आठवडे झाले तरी बरा होत नसेल, किंवा अंगावर अवेळी जात असेल, तर तिने त्याच दिवशी आशाताईंना सांगायचं.