एक पेटी, एक आवाज

पियानो म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे जुन्या हिंदी चित्रपटातला श्रीमंताचा बंगला उभा राहतो. नायक पियानोपाशी बसून गातो आणि भारी कपड्यांतले पाहुणे ऐकतात. हे वाद्य आपल्या घरचे नव्हे, असे आपण धरूनच चालतो. पण युरोप-अमेरिकेत काही कलावंत याच पियानोवर एकटे बसून ‘पंक’ गाणी गातात. मोठे सभागृह नाही, साथीला वादक नाहीत. छोटी खोली, समोर मोजके श्रोते. लोक त्यांना तऱ्हेवाईक म्हणतात. त्यांचे गाणे मात्र बंद होत नाही.

हा पंक काय प्रकार आहे? इंग्रजीत ‘पंक’ म्हणजे टाकाऊ, वाया गेलेला पोरगा. ही शिवीच होती. 1975-76 च्या सुमारास न्यूयॉर्क आणि लंडनमधील तरुणांनी तीच शिवी आपले नाव म्हणून मिरवली. लंडनच्या मंडळींत बेकार, कामगार घरांतली मुले बरीच होती. संगीताचे शिक्षण नाही, महागडी वाद्ये नाहीत. 1977 साली तिकडच्या एका घरगुती छापाच्या पत्रिकेने गिटारवर बोटे ठेवण्याच्या तीन जागा चित्रात दाखवल्या आणि सांगितले, एवढे आले की बँड काढा! न्यूयॉर्कच्या ‘रामोन्स’ बँडच्या 1976 च्या पहिल्या तबकडीत 14 गाणी आहेत आणि ती सारी अर्ध्या तासाच्या आत संपतात. 30 एप्रिल 1978 रोजी लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये वर्णद्वेषाविरुद्ध हजारो लोक जमले, तेव्हा व्यासपीठावर पंक गाणारेही होते.

वाचक बंधू-भगिनींनो, हे वाचताना आपल्याला कोणाची आठवण येते? वामनदादा कर्डकांची! पियानो नाही, पंक हा शब्द नाही. पण वाट तीच.

वामनदादांचा जन्म 15 ऑगस्ट 1922 चा, नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यात देशवंडी गावी. मुंबईत कष्टाची कामे करीत असताना चाळीतल्या एका माणसाने त्यांच्याकडे पत्र वाचायला दिले. वाचता येईना. भरल्या वयात त्यांना रडू कोसळले. मग देहलवी नावाच्या मास्तरांकडून त्यांनी अक्षरे गिरवून घेतली आणि दुकानांच्या पाट्या वाचत वाचत ते वाचायला शिकले. 1943 पासून त्यांनी गाणी रचायला सुरुवात केली. 15 मे 2004 रोजी त्यांचे निधन झाले, तोपर्यंत गाव, वाडी, चाळ, झोपडपट्टी हीच त्यांची सभागृहे होती. कोणाकडून परवानगी नाही, कोणाचे प्रमाणपत्र नाही. सांगण्यासारखे होते, म्हणून ते गायले.

आणि आपला पियानो म्हणजे आपली पेटी! पियानोला 88 पट्ट्या. तो हलवायचा तर चार माणसे लागतात. पेटी एक माणूस काखेत मारून एस.टी.त चढतो. डाव्या हाताने भाता, उजव्या हाताने सूर आणि तोंडाने गाणे. एकट्या माणसाचा सगळा कार्यक्रम! या पेटीलाही मानाचे घर सहज मिळाले नाही. परदेशी वाद्य, यातून आपले सूर नीट निघत नाहीत, म्हणून 1940 साली ऑल इंडिया रेडिओने तिला बंदी केली. ती बंदी तीस वर्षांच्या आसपास टिकली. वाडीवस्तीत मात्र पेटी कधीच बंद पडली नाही.

आज काय दिसते? मंडणगडपासून राजापूरपर्यंत आपल्या वाड्यांत जयंतीला डीजे येतो. छाती हादरते, म्हातारी माणसे कानात बोळे घालतात. दुसऱ्या दिवशी विचारा, काल कोणते गाणे ऐकले? सांगता येत नाही. पेटी मात्र माळ्यावर धूळ खात असते आणि गाण्यांच्या वह्यांना वाळवी लागते. कोकणच्या पावसाळ्यात कागद किती टिकणार?

एक साधी गोष्ट करता येईल. वर्षावासात संध्याकाळी विहारात माणसे जमतातच. त्या वेळी माळ्यावरची पेटी खाली काढावी. भाता फाटला असेल तर दुरुस्त करावा. जुन्या वह्या नव्या वहीत उतरवून घ्याव्यात. शाळेत जाणाऱ्या मुलामुलींना हे काम सहज जमेल. वाडीतल्या म्हाताऱ्या गायकाला सन्मानाने बोलवावे. आणि एखादी मुलगी पेटीपुढे बसली, तिचा सूर चुकला, तर हसू नये.

तिला तीन पट्ट्या आल्या तरी सुरुवातीला पुष्कळ. वामनदादांची सुरुवात तर दुकानाच्या पाटीपासून झाली होती.