एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी! पण कसं? जाणून घ्या जमिनीतल्या बारीक नळ्यांचं गणित

सोलापूर : रब्बी ज्वारी उगवून आली की मंगळवेढा, मोहोळ, करमाळा भागातल्या कोरडवाहू शेतकऱ्याला एकच काळजी असते. परतीचा पाऊस संपलेला, विहिरीला पाणी सगळ्यांच्याच नाही. जमिनीत जेवढी ओल मुरली, तेवढ्यावरच कणीस भरायचं. ही ओल पीक घेतं, तसंच ऊन-वाराही उडवून नेतो. म्हणून जुनी माणसं सांगत आली, ‘एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी.’

कोळपणीनं तण जातं, हे डोळ्यांना दिसतं. पण रानात तण नसलं तरी ओल टिकते, ती का? याचं उत्तर मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांच्या आकारात आहे.

पाणी वर चढतं कसं?

कंदिलाच्या वातीतून रॉकेल आपोआप वर चढतं. मातीतही तसंच होतं. कणांमधल्या बारीक पोकळ्या एकमेकींना जोडून केसासारख्या नळ्या बनतात. त्यांना केशनळ्या म्हणतात. नळी जितकी बारीक, तितकं पाणी उंच चढतं. १ मिलिमीटर व्यासाच्या काचेच्या नळीत पाणी साधारण ३ सेंटिमीटर चढतं, तर ०.१ मिलिमीटरच्या नळीत साधारण ३० सेंटिमीटर. काळ्या जमिनीतल्या पोकळ्या याहूनही बारीक असतात. त्यामुळे पाणी हळू चढतं, पण बऱ्याच खोलून येतं.

कोपऱ्यांची करामत

नळीच्या आकारानंही फरक पडतो. गोल नळीतलं पाणी आटू लागलं की पातळी खाली सरकते. मग वाफेला रिकाम्या नळीतून वाट काढत वर यावं लागतं आणि आटण्याचा वेग मंदावतो. चौकोनी नळीत मात्र पातळी खाली गेली तरी चारही कोपऱ्यांत पाण्याची बारीक रेघ चिकटून राहते. तीच रेघ पाणी तोंडापर्यंत पोचवत राहते. त्यामुळे चौकोनी नळी गोल नळीपेक्षा लवकर कोरडी होते.

मातीचे कण काही गोटीसारखे गुळगुळीत नसतात. त्यांच्यामध्ये जिकडंतिकडं कोपरे आणि खाचा. म्हणूनच पोकळ्या रिकाम्या होऊ लागल्या तरी पाणी कोपऱ्याकोपऱ्यानं वर येत राहतं. ही साखळी तुटली की मगच ओल उडण्याचा वेग कमी होतो.

कोळपं ही साखळी तोडतं

कोळप्याची पास वरचा थर मोकळा करते. भुसभुशीत मातीतल्या पोकळ्या मोठ्या असतात. खालून आलेलं पाणी तिथंच थांबतं, कारण मोठ्या पोकळीत ते वर चढू शकत नाही. पुढं फक्त वाफ जाते, तीही सावकाश. शिवाय काळ्या रानाला पडलेल्या भेगा बुजतात. भेग उघडी राहिली तर खालच्या थराची ओलही वाऱ्याला लागते.

घरी करून बघा. एका ताटलीत थोडं पाणी घेऊन त्यात कोरडी वीट उभी करा. थोड्या वेळात वीट वरपर्यंत ओली होत जाईल. दुसऱ्या ताटलीत जाड खडीचा थर द्या, खडी वर राहील इतकंच पाणी घाला आणि त्यावर वीट ठेवा. ही वीट कोरडी राहील. मधल्या मोठ्या पोकळ्यांनी पाण्याची वाट अडवली.

कोळपणी कधी करायची?

रब्बी ज्वारीला साधारण तीन कोळपण्यांची शिफारस आहे :

पहिली : पीक ३ आठवड्यांचं असताना, फटीच्या कोळप्यानं.
दुसरी : ५ आठवड्यांनी, पासेच्या कोळप्यानं.
तिसरी : ८ आठवड्यांनी, दातेरी कोळप्यानं. तोवर जमीन कडक होऊन भेगा पडलेल्या असतात.

मधेच पाऊस झाला तर वाफसा येताच कोळपं धरावं. पावसानंतरच्या पहिल्या काही दिवसांतच ओल सगळ्यात जोरात उडते. वरचा थर पार सुकल्यावर कोळपलं तर भेगा बुजतील, तण जाईल, पण तोवर उडालेली ओल परत येणार नाही. कोळपं फार खोलही घालू नये. मुळं तुटतात आणि खालची ओली माती वर येऊन सुकते.

म्हणीतलं ‘अर्धं पाणी’ काही मापानं मोजलेलं नाही. किती ओल वाचेल, ते जमीन, वारा आणि वेळेवर ठरतं. यातली जमीन नि वारा आपल्या हातात नाही, वेळ मात्र आहे.