नीरेच्या उगमाकडे जाताना

भोर सोडून महाडच्या वाटेला लागलं, निगुडघर मागे पडलं, की नीरा देवघर धरणाचं पाणी रस्त्याच्या सोबतीला येतं. हा रस्ता मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा धरण नव्हतं. हिर्डोशीपाशी एसटीच्या खिडकीतून खाली भाताची खाचरं दिसत, गुडघाभर चिखलात आवणाला वाकलेल्या बाया दिसत, आणि त्यांच्या पलीकडे नीरा. आता तिथे निळं पाणी आहे. दृश्य देखणं आहे, पण मला ती खाचरं आठवल्याशिवाय राहत नाहीत.

शाळेत असताना ‘भोर घाटातली रेल्वे’ असं वाचलं, की ती आमच्या भोरचीच वाटायची. ती होती खंडाळ्याची, बोरघाटातली. इंग्रजी कागदांत बोरचं भोर झालं होतं. १८५९ मध्ये त्या कामाचा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात आल्यावर थोड्याच दिवसांत वारला आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने कंत्राट सांभाळलं. ऐन भरात ४०,००० हून अधिक माणसं तो डोंगर फोडत होती. १८६३ मध्ये घाटातून गाडी धावली. त्या कामावर पटकी-तापाने किती मजूर गेले! त्यांची नावं कुठल्याच दगडावर नाहीत, ही गोष्ट मला आजही टोचते.

आमच्या भोरला मात्र रूळ आले नाहीत. १८९० च्या सुमारास पुण्याहून दक्षिणेकडे मीटर गेज गेली ती जेजुरी, नीरा, लोणंद अशी, पूर्वेच्या सपाटीला धरून. पश्चिमेला, सह्याद्रीच्या पायथ्याशी, रूळ यायला पुढची शंभर वर्षं गेली. १९९३ मध्ये कोकण रेल्वे रोह्याहून महाडजवळच्या वीरपर्यंत आली आणि २६ जानेवारी १९९८ ला सगळा मार्ग देशाला मिळाला. आमचं हिरडस मावळ या दोन रुळांच्या मधोमध राहिलं. बाजीप्रभूंचा हा मुलूख, इथली माणसं मुंबईला गेली ती एसटीने आणि ट्रकने.

नीरा नदी मात्र रुळांपर्यंत पोहोचते. शिरगावला उगम पावून, हिर्डोशीवरून पुढे जात, ती नीरा-लोणंदच्या मधल्या रेल्वे पुलाखालून वाहते.

शिरगावच्या पुढे वरंधा घाट. वाघजाईच्या देवळापाशी गाडी थांबते. धुक्यात टपरीवर कढईतून भजी निघतात, शेजारी माकडं टपून बसलेली, आणि कठड्यापलीकडे शिवथरच्या अंगाचे कडे ढगात बुडालेले. पावसाळ्यात दरड येते, घाट बंद होतो. २२ जुलै २०२१ ला खालच्या तळिये गावावर डोंगर आला, ऐंशीहून अधिक माणसं गेली. तेव्हापासून घाट उतरताना मी वरच्या झऱ्यांकडे नुसतं पाहत नाही, दरडीच्या धास्तीने त्यांचं पाणी गढूळ झालंय का ते बघतो. मागच्या खेपेला हिर्डोशीहून बसलेल्या एका आजीने मांडीवरचं तांदळाचं गाठोडं सावरत विचारलं, “वीरची गाडी गावंल का रं?”