हद्दीचा दगड

जमीनमोजणीच्या खुणांवर काही लिहावे अशी संपादकांची सूचना आली, तेव्हा मी मुळशी तालुक्यातील घोटावडे निवडले. कारण एका अंगाला भाताची जुनी खाचरे आणि दुसऱ्या अंगाला माण-हिंजवडीकडून सरकत येणारे शहर, अशा पेचात या शिवारातील हद्दीचा दगड आज सापडला आहे, आणि सहसा कोणाच्या नजरेत न भरणाऱ्या खुणेचे मोल ती जेथे नाहीशी होऊ लागली आहे तेथेच नीट कळते.

दप्तरी इतिहास थोडक्यात सांगता येतो. पूर्वी शिवेचा तंटा उपस्थित झाला म्हणजे गोत म्हणजे गावकऱ्यांची न्यायसभा बसे, महजर म्हणजे तिचे निवाडापत्र होई आणि गावचा महार शीव चालून साक्ष देई. इंग्रजी अमलात प्रिंगल या अधिकाऱ्याने पुणे जिल्ह्यात केलेली पहिली पाहणी सदोष मोजमापामुळे आणि जड आकारणीमुळे फसली. पुढे गोल्डस्मिड व विंगेट यांनी 1836 च्या सुमारास इंदापूर तालुक्यात नव्या पद्धतीचा पाया घातला, 1847 च्या संयुक्त अहवालाने तिचे नियम बांधून दिले, आणि शेताला सर्व्हे नंबर, नंबराला नकाशा व नकाशाला आधार म्हणून जमिनीवर दगड आणि वरंबे, ही व्यवस्था मुंबई इलाख्यात रूढ झाली.

माझे चित्त मात्र गुंतले ते शंकू-साखळीने केलेल्या मोजणीच्या नोंदीत, म्हणजे टिपणात. साखळी 33 फुटांची, तिचे आणे 16, म्हणजे एक आणा दोन फूट पाऊण इंचाचा; एक साखळी लांब व एक साखळी रुंद क्षेत्र 1,089 चौरस फुटांचे, तोच गुंठा; आणि असे 40 गुंठे म्हणजे एकर. लांबीचे माप आणि क्षेत्राचे माप एकमेकांत इतके चपखल बसविणाऱ्या बुद्धीविषयी मला नितांत आदर वाटतो. शेताच्या दोन टोकांच्या दगडांमधून पाया म्हणजे मूळ रेषा धरावयाची, शंकू या काटकोन साधणाऱ्या उपकरणाच्या चिरेतून पाहून बांधाच्या प्रत्येक वळणापर्यंत काटकोनात लंब टाकावयाचा, आणि पायावरील व लंबावरील अशी दोन्ही अंतरे साखळी-आण्यांत टिपणावर लिहावयाची, एवढीच ती कृती. परंतु तिचे खरे सामर्थ्य असे की ती उलटही करता येते, म्हणजे दोन दगड शाबूत असले तर हरवलेल्या तिसऱ्याची जागा कागदावरून पुन्हा जमिनीवर उतरविता येते.

घोटावड्यात ज्या भूकरमापकाचे काम मी पाहिले त्याने वादाच्या बांधाकडे आरंभी ढुंकूनही पाहिले नाही. खातेदार हातवारे करून शेजाऱ्याचे अतिक्रमण सांगत होते; हा शांतपणे म्हणाला, “मामा, आधी जुना दगड दाखवा, मग बांधाचं बोलू.” मावळच्या पावसात मातीचा वरंबा विरघळतो आणि दगडावर गाळ साचतो, म्हणून त्याच्या गड्याने पहारीने ठोकून चिखलाखालचे दगड चाचपले. सह्याद्रीच्या या भागात काळ्या दगडाला तोटा नाही. तेव्हा सापडलेला प्रत्येक धोंडा हद्दीचा समजणे हा अनर्थच. जो दगड दोन वेगवेगळ्या दिशांनी घेतलेल्या अंतरांना उतरला, तोच त्याने मानला, बाकीचे मोठ्या निश्चयाने नाकारले. ही नाकारण्याची शिस्त मला या विद्येचा प्राण वाटते.

आता अडचणींकडे वळले पाहिजे. 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने सीमाचिन्हे सुस्थितीत राखण्याची जबाबदारी खुद्द भूधारकावर टाकली आणि ती बुद्ध्या नष्ट करणाऱ्यास दर खुणेमागे शंभर रुपयांपर्यंत दंड ठेवला. पण येथे जमीन गुंठ्यागुंठ्याने विकली जाते आणि तिच्या भावापुढे त्या दंडाचा धाक कसा राहावा? जेसीबी एका दिवसात खाचरे सपाट करतो, बांध मोडतो, दगड भरावात जातो, आणि त्यावर कुंपण उभे राहते. त्याआधीच, 1947 च्या कायद्यान्वये झालेल्या जमिनींच्या एकत्रीकरणात पुष्कळ गावांतील सर्व्हे नंबरांचे गट झाले, त्यामुळे जुना दगड एका कागदाला आणि नवी हद्द दुसऱ्या कागदाला जुळते.

या अडचणींवर नव्या तंत्राचा उपाय सांगितला जातो. राज्यात 77 कॉर्स केंद्रे, म्हणजे उपग्रहांचे संकेत सतत टिपणारी स्थिर संदर्भकेंद्रे, उभारली गेली आहेत. त्यांच्या आधारे रोव्हर हे शेतात फिरविता येणारे यंत्र काही सेंटिमीटरांच्या अचूकतेने बिंदू दाखविते, आणि ही प्रगती स्वागतार्हच आहे. परंतु तो बिंदू पृथ्वीवर कोठे आहे एवढेच यंत्र सांगते. तो हद्दीचा आहे की नाही, हे सांगावयास जुना दगड आणि जुने टिपण यांचीच साक्ष लागते. ती गेली तर चुकीच्या जागेचेही निर्देशांक तितक्याच अचूकतेने कायम होतील, आणि मग पुढील पिढीला तंटा मिटविण्यास आधारच उरणार नाही.

म्हणून घोटावड्याच्या आणि आसपासच्या खातेदारांना माझी विनंती आहे: जमीन सपाट करण्यापूर्वी भूमि अभिलेख कार्यालयातून टिपणाची नक्कल काढा, शेजाऱ्याला बरोबर घेऊन रीतसर मोजणी करवा, सापडलेल्या दगडांचे निर्देशांक नोंदवून घ्या, आणि मगच शेतात यंत्र घाला.